अंगठ्याखालचा आकडा

"ह्यात काय हाय?"

हवालदारानं हातातल्या काठीनं घोंगड्याला टोचलं. घोंगडं माझ्या दोन गुडघ्यांच्या मध्ये उभं होतं, सुतळीनं तीन ठिकाणी बांधलेलं.

"बंदूक," मी म्हटलं.

हळू म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मला हळू बोलायला जमत नाही. पुढच्या बाकावरच्या बाईनं पोरगं उचलून पदरात घातलं. मागं कुणीतरी "अगागागा" केलं. कंडक्टर खिडकीतनं बाहेर बघायला लागला, जणू ही यष्टी त्याची नव्हेच.

"उतर खाली."

"काठी कशाला लावताय? लायसन हाय."

"उतर म्हटलं न्हवं? लायसन खाली बघू."

"आदी ती काठी बाजूला घ्या, मग—"

"दिग्या," आज्जा म्हणाला.

एवढंच. माझं नाव दिग्विजय, पण आज्जा दिग्या म्हणतो तेव्हा त्यात गप, ऊठ, आणि घरी गेल्यावर बघतो असं सगळं असतं. मी उठलो. आज्जाचा उजवा गुडघा गेलेला, म्हणून आधी त्याला उतरवलं, मग घोंगडं घेतलं, मग काडतुसांच्या डब्याची पिशवी. हवालदार कंडक्टरला म्हणाला, "धा मिनटं थांबा." कंडक्टरनं असं तोंड केलं की दहा मिनिटं त्याच्या पगारातनं कापणार आहेत.

तीन वर्षं झाली त्याला. मी सोळाचा होतो, शाळा सोडून वर्ष झालेलं.

इलेक्शन लागलं की आमच्या भागात ज्यांच्याकडं बंदुका आहेत त्यांना ठाण्यात नेऊन जमा कराव्या लागतात, निकाल लागला की परत मिळतात. आमच्या हेळवाडीत पाच बंदुका. सगळ्या शेतराखणीच्या. डुकरं मारायला नाही, भ्या घालायला. उसात कळप शिरला की आभाळाकडं तोंड करून एक बार काढायचा, आणि परत झोपायचं. बार काढला नाही तर सकाळी उसाच्या जागी चिपाडं. पोलीस पाटलानं जमा करायची शेवटची तारीख दवंडीसारखी ओरडून सांगितलेली, आणि ती तारीख म्हणजे तोच दिवस. संध्याकाळी पाचच्या आत. चुकलं तर लायसन गेलं. आज्जाचं लायसन गेलं असतं तर आमचा ऊस डुकरांच्या नावावर करून दिल्यासारखाच होता.

शेवटच्या दिवसावर जायचं कारण आज्जाचा ताप. वाडीतल्या तिघांनी आधीच जमा केलेल्या. राहिलेलो आम्ही आणि निंगाप्पा. निंगाप्पा गावडे आमचा भावकीतला, आज्जाच्याच वयाचा, दोन घरांच्या मध्ये एक फणस. तो का थांबलेला? तर भरमू जाईल त्या दिवशी आपण जायचं नाही, आधी त्याला जाऊ दे, असं ठरवून बसलेला. भरमू म्हणजे माझा आज्जा. भरमूला ताप आला आणि निंगाप्पाचं गणित फिसकटलं. त्या दिवशी बाराच्या गाडीला आम्ही थांब्यावर उभे, तर तो समोरच्या मोरीवर आमच्याकडं पाठ करून बसलेला. मांडीवर चादरीत गुंडाळलेली बंदूक. गाडी आली, आम्ही चढलो, तो बसूनच राहिला. एकच्या गाडीनं येणार, पण आमच्यासंगं नाही. दोन वर्षं दोघं एका शब्दानं बोललेले नव्हते.

तर तिट्टा. पुलाच्या अलीकडं रस्ता फुटतो तिथं लोखंडी अडथळे लावलेले, आणि चिंचेखाली एक टेबल. टेबलामागं एक फौजदार बाई, पस्तिशीची असेल, छातीवर नाव 'र. अ. मुल्लाणी'. चष्मा टेबलावर, उन्हानं तोंड रापलेलं. समोर रजिस्टर.

"मॅडम, बंदूक हाय ह्यांच्यापाशी," हवालदार म्हणाला. "आन पोरगं लई तोंडाळ हाय."

मॅडमनं मान वर केली. माझ्याकडं नाही, आज्जाकडं बघितलं.

"पोवार, आजोबांना आधी खुर्ची द्या."

खुर्ची एकच होती. ती तिच्याखाली होती. तीच उठली.

आता मला सांगायला पाहिजे की मी सकाळपासनं भांडायची तयारी करून निघालेलो. पोलीस काय बोलणार, मी काय बोलणार, त्यांनी हात उचलला तर मी काय करणार, सगळं गाडीत बसून मनात झालेलं. आणि इथं भांडायला माणूसच मिळेना. आज्जा खुर्चीवर टेकला, पोवार हवालदारानं तांब्या आणून दिला, आणि मी आपला मुठी आवळून उभा.

"लायसन कुणाचं?"

"ह्यांचं. भरमू सटुप्पा गावडे."

"मग बंदूक तुझ्या हातात कशी?"

"त्यांचा गुडघा गेलाय."

"ते शेजारी आहेत तोवर चालेल. सोड घोंगडं. भरलेली नाही ना?"

"न्हाई. काडतुसं डब्यात, डबा पिशवीत. पाच हैत."

मी गाठी सोडल्या. एकनळी बंदूक. बिजागरीतनं मोडून उघडून दाखवली, नळी आभाळाकडं धरली. मॅडमनं एक डोळा मिटून आत बघितलं.

"आरशासारखी आहे की. कुणी साफ केली?"

"मी."

"छान ठेवलीयस."

 छान हा शब्द मला उद्देशून शेवटचा कुणी वापरलेला ते मी आठवायला लागलो.

"डुकरं लई झालीत का आजोबा तिकडं?"

"बाई, काय सांगायचं," आज्जा खुलला. "आमी पेरतो त्यांच्यासाटी, आन राखतो बी त्यांच्यासाटी. लायसन तेवडं माझ्या नावावर."

मॅडम हसली. मग म्हणाली, "पोवार, नंबर वाचा." तिनं रजिस्टर पुढं ओढलं.

पोवारनं लायसन उघडून वाचलं. "चार, शून्य, दोन, सहा."

मॅडम लिहीत होती. मान खाली. "जुळतो का रे? बघ बंदुकीवर."

बंदूक माझ्या हातात. नंबर नळीच्या बुडाला, लाकूड सुरू होतं तिथं कोरलेला. मी तिथंच धरलेली. माझा अंगठा शेवटच्या आकड्यावर होता, आणि तो तिथं चुकून नव्हता.

"जुळतो," मी म्हटलं.

अंगठ्याखाली सहा नव्हता. सात होता. आणि हे मला त्या दिवशी कळलेलं नव्हतं, दोन वर्षं माहीत होतं.

मॅडमनं चष्मा चढवला नाही की बंदूक मागितली नाही. रजिस्टरात रेघ ओढली, आज्जाचा अंगठा घेतला. आज्जाला लिहिता वाचता येत नाही. झालं. सुटलो. तिकडं ड्रायव्हरनं हॉर्न मारला. मी घोंगडं गुंडाळायला लागलो, आणि खोटं सांगत नाही, मनात मी लई खूश होतो. पोलिसांना गंडवलं. तेही घाम न फुटता.

"थांबा जरा," मॅडम म्हणाली.

तिनं वहीतलं पान फाडलं आणि उभ्यानंच लिहायला लागली. "ठाण्यात आज शेवटचा दिवस, गर्दी असणार. तास-दोन तास रांगेत उभं राहायला लागेल. आजोबांचा गुडघा असा. ही चिठ्ठी दाखव आणि सांग, मुल्लाणी मॅडमनी तपासलंय. माझं नाव सांग, पुढं घेतील."

चिठ्ठी माझ्या हातात दिली. अक्षर मोठं, सरळ.

'शस्त्र व परवाना क्रमांक स्वतः तपासला. बरोबर आहे. वयस्कर गृहस्थ आहेत, लवकर मोकळे करावे.' खाली सही.

मी ती दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना 'स्वतः'वर अडकलो. तिनं स्वतः कुठं तपासला? मी म्हटलं जुळतो, म्हणून तिनं स्वतः लिहिलं. ठाण्यातला कारकून बंदुकीला लेबल बांधताना नंबर बघणार. सहाच्या जागी सात बघणार. मग आज्जाचं काय व्हायचं ते होईल, पण ह्या कागदावर त्या बाईचं नाव आहे.

"ओ पावणं, येताय का निगू?" कंडक्टर दारातनं ओरडला.

आज्जा पायरीपर्यंत गेलेला. दांडा धरून मला हाक मारायला वळला.

माझ्या कानामागं गरम झालं. राग आला की मला तिथं गरम होतं. पण ह्या वेळी राग कुणाचा ते कळेना.

"जाऊ दे गाडी," मी म्हटलं.

"आं?"

"आज्जा, उतर. गाडी जाऊ दे." मी टेबलाकडं आलो आणि चिठ्ठी मॅडमच्या रजिस्टरावर ठेवली. "तुमची चिठ्ठी घ्या म्हागारी."

"आता काय झालं ह्याला?" पोवार म्हणाला.

"नंबर जुळत न्हाई."

मी बंदूक आडवी धरली आणि अंगठा काढला.

गाडी गेली. धुरळा आमच्यावर येऊन बसला. मॅडमनं चष्मा लावला, रुमालानं तेल पुसलं, वाचलं. "चार शून्य दोन सात." मग माझ्याकडं बघितलं. मघाशी हसलेली ती हीच बाई का, असं वाटलं.

"माझ्याशी खोटं बोललास."

"व्हय."

"तोंडावर."

"व्हय."

"मी म्हणत न्हवतो मॅडम?" पोवार. "गाडीतच वळखलं मी. ह्याच्या कानाखाली—"

"पोवार, थांबा. मग आता का सांगतोयस? गेला असतास की."

"तुमी 'स्वतः' लिवलंय."

तिनं चिठ्ठीकडं बघितलं. दोन तुकडे केले, चार केले आणि तुकडे खाली न टाकता खिशात घातले.

"ही बंदूक कुणाची?"

आज्जा खुर्चीवर परत बसलेला, जमिनीकडं बघत. मग मीच सांगितलं. आज्जासमोर पहिल्यांदा.

आमच्या वाडीत दसऱ्याला पाची बंदुका म्हसोबाच्या देवळात घोंगड्यावर मांडतात. हळद-कुंकू, झेंडू, नारळ. ओळीत पहिली बंदूक कुणाची, त्याचा मान. आज्जा आणि निंगाप्पा दोघांनी तरणेपणी कोल्हापुरातल्या एका दुकानातनं एकाच दिवशी बंदुका घेतलेल्या. एकसारख्या, नंबरसुद्धा पाठोपाठचे, सहा आणि सात. म्हणून पहिला मान एक वर्ष आज्जाचा, एक वर्ष निंगाप्पाचा. कुठं लिहून ठेवलेलं नाही, नुसतं लक्षात. दोन वर्षांमागच्या दसऱ्याला आज्जा म्हणाला माझं वर्ष, निंगाप्पा म्हणाला माझं. शब्दाला शब्द वाढला. निंगाप्पा म्हणाला, "तुज्या बाला तरी मोजता येत हुतं का?" मी चौदाचा होतो. मी पुढं झालो, सगळ्या वाडीसमोर त्याला म्हटलं, "थेरड्या, ठेव तुझा द्येव तुज्याच उरावर," आणि घोंगड्यावरची बंदूक ओढून तरातरा घरी आलो. दुसऱ्या दिवशी कुंकू पुसताना नंबर दिसला. आज्जाच्या लायसनचा आकडा मला पाठ, कारण त्याला वाचून दाखवायचं काम माझंच. मी निंगाप्पाची उचलून आणलेली.

"मग परत का नाही दिलीस?"

"थेरड्या म्हणल्यालो. परत द्यायला गेलो तर माफी मागायला लागली असती."

"मग?"

"मला जमत न्हाई."

पोवारनं मोठा श्वास सोडला. मॅडम टेबलाच्या कोपऱ्यावर टेकली.

"हे बघ. ही बंदूक आजोबांच्या लायसनवर नाही. मी आत्ता जप्त करून गुन्हा नोंदवू शकते."

"नोंदवा. माझ्यावर नोंदवा. उचलली मी."

"तुझ्यावर कसा? बंदुकीची जबाबदारी लायसनवाल्याची. ह्यांच्यावर होईल."

मी आज्जाकडं बघितलं. त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली. कपाळावर टोपीचा वळ, वळाच्या वर पांढरं, खाली काळं. आयुष्यात त्याच्यावर कधी साधी तक्रार नाही. मी तावातावानं एक बंदूक उचलली आणि तिचं टोक शेवटी ह्या टोपीवर आलं.

"दुसरी बंदूक कुठाय?"

"येतीया. एकच्या गाडीनं. त्यो आमच्यासंगं बसत न्हाई."

मॅडम फोन घेऊन पुलाकडं गेली. बराच वेळ बोलत होती. एका हातानं काहीतरी समजावत होती, फोनवर दिसत नसतानासुद्धा. परत आली.

"साहेबांशी बोलले. सगळं खरं सांगितलं. तो माणूस आला, दोन्ही बंदुका दोन्ही कागदांशी जुळल्या, दोघांनी अदलाबदल झाली असं लिहून दिलं, तर ज्याची त्याच्या नावावर जमा होईल. चौकशीला एकदा बोलावतील. पण तो 'ही माझीच' म्हणून अडला, तर माझ्या हातात काही राहणार नाही. आणि पाचच्या आत हे व्हायला पाहिजे."

"अडणार," आज्जा मघापासनं पहिल्यांदा बोलला. "मी दोन म्हटलं तर त्यो म्हशीला तीन शिंगं हैत म्हणल."

तास काढायचा होता. पोवार हवालदारानं कुठनं तरी चहा आणला, मलापण दिला. माझ्या शेजारी उकिडवा बसला. काठी चिंचेला टेकवून ठेवलेली.

"शाळा?"

"सोडली."

"का?"

"गणिताच्या सरांनी आज्जाच्या बोलण्याची नक्कल केली, पालकसभेनंतर. मी डस्टर फेकला. हेडसर म्हणाले माफी माग, नायतर दफ्तर उचल. मी दफ्तर उचललं."

पोवारनं चहाला फुंकर घातली. "काठी लावाय नको हुती मी," म्हणाला. "सकाळपासनं चाळीस गाड्या तपासल्या, डोकं फिरतंय."

मी हूं म्हटलं. मग वाटलं, च्यायला, एवढं सोपं असतं? ह्याचं काही गेलं नाही, टोपी पडली नाही. बोलला आणि परत चहा प्यायला लागला.

गाडी आली. निंगाप्पाला पोवारनं उतरवलं. चादरीतली बंदूक काखेत धरून तो दोन पावलं आला, चिंचेखाली आज्जाला खुर्चीवर बघितलं, आणि सरळ वळून परत गाडीत चढायला लागला.

"ओ काका! इकडं, इकडं."

"मी त्याच्यासंगतीचा न्हवं," निंगाप्पा म्हणाला. "त्याला धरलंय ते धरा. माझं लायसन बगा आन सोडा."

मॅडमनं लायसन घेतलं, चादर सोडायला लावली, ह्या वेळी चष्मा लावून वाचलं. "तुमच्या लायसनवर चार शून्य दोन सात. बंदुकीवर सहा आहे, काका."

"सरकारनं लिवताना चूक केली आसल."

"दोघांच्याही लायसनवर? तेही उलटसुलट?"

"सरकार काय बी करतंय."

पोवार तोंड फिरवून खोकला. मॅडमनं शांतपणे सगळं सांगितलं, लिहून द्यायचं तेही सांगितलं. निंगाप्पानं ऐकून घेतलं, बंदूक छातीशी धरली.

"मी काय लिवून द्यू? मी कुटं काय केलंय? ज्यानं न्हेली त्यानं आणून द्यायची. माझ्या दारात कुणी आलं न्हाई."

असं म्हणताना तो आज्जाकडं बघत नव्हता. माझ्याकडं बघत होता.

गाडीतली माणसं खिडक्यांना लागलेली. ह्या कंडक्टरलापण घाई. आज्जानं टोपी डोक्यावर घातली, परत काढली. मॅडम माफी माग म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. तिनं नुसतं हातातलं पेन बंद केलं.

चिंचेपासनं निंगाप्पापर्यंत आठ पावलं असतील. मी चाललो.

"निंगूआज्जा. म्या उचलली तवा बगितलं न्हाई. दुसऱ्या दिवशी बगितलं, तरी आलो न्हाई. तुला थेरडा म्हणलो. माझं चुकलं."

"काय म्हणलास? म्हाताऱ्याला ऐकू येत न्हाई."

मुद्दाम. त्याला मांजर चाललेलं ऐकू येतं. माझ्या कानामागं भडका उडाला, तोंडात शिवी येऊन बसली. मी खाली बघितलं, आणि तेव्हा मला त्याच्या हातातली बंदूक नीट दिसली.

आमच्या, म्हणजे आज्जाच्या बंदुकीच्या दस्त्याला एक चीर होती. मी लहान असल्यापासनं. आज्जा तिला चिंधी बांधायचा. आता तिथं पितळेची तार होती. एकाला एक चिकटून दहा-बारा वेढे, टोकं आत दाबून घासलेली, हाताला लागू नयेत म्हणून. लाकडाला तेल पाजलेलं. एवढं काम एका संध्याकाळचं नव्हे.

"माझं चुकलं!" मी ओरडलो. पार पुलापर्यंत गेलं असेल. आणि मग, "ही तार कुणी मारली?"

निंगाप्पा गडबडला. "कुणी म्हंजी? मी."

"दुसऱ्याच्या बंदुकीला?"

"मग? चीर वाडत चाललेली. दुसऱ्याची वस्तू, फुटली म्हंजी? कदी तरी द्यायचीच हुती न्हवं?"

"म्हणजे काका, तुम्हाला माहीत होतं?" मॅडम.

"मला काय डोळं न्हाईत? चीर बगितली आन कळलं. पैल्याच दिवशी."

"मग दोन वर्षं?"

"म्हटलं, त्यो मागायला यील."

मॅडम आज्जाकडं वळली. "आणि आजोबा, तुम्हाला?"

आज्जा टोपी चाचपत होता. "माझ्या गालाला बसत न्हवती ती," तो हळू म्हणाला. "पैल्या दिवसापासनं. वाचता येत न्हाई म्हणून काय झालं, चाळीस वर्सं गाल लावलाय." मग माझ्याकडं न बघता, "म्हटलं, त्यो मागायला यील."

पोवार गाडीच्या मागं जाऊन हसायला लागला. आवाज येतच होता.

"हे वाक्य परत कुणी म्हणायचं नाही," मॅडम म्हणाली. तिच्या तोंडाचा कोपरा हलत होता, पण तिनं तो धरून ठेवला. "मला ऐकू आलं तर लिहायला लागेल. आता द्या ज्याची त्याला. तुमच्याच हातानं."

दोघं म्हातारे समोरासमोर उभे राहिले. बंदुका मोडलेल्या, हातावर आडव्या. कुणी हात पुढं करेना. आधी कोण, हाच तर दोन वर्षांचा प्रश्न.

"पोवार," मॅडमनं हाक मारली. "तीन म्हणा."

पोवार डोळे पुसत आला. "एक. दोन. तीन."

दिल्या. एकदम. आज्जानं तारेवरनं अंगठा फिरवला, निंगाप्पानं नळीत डोळा घालून बघितलं. "साफ ठेवलीया पोरानं," तो नळीलाच म्हणाला.

मॅडमनं जे घडलं ते लिहिलं, मोठ्यानं वाचून दाखवलं. निंगाप्पानं लांबलचक सही केली, आज्जानं अंगठा. मग तिनं परत वहीचं पान फाडलं. ह्या वेळी दोन्ही नंबरांवर बोट ठेवून ठेवून लिहिलं. मला म्हणाली, "वाच."

मी वाचलं. सहा, सात, 'स्वतः तपासले'.

"आता माझं नाव सांगितलंस तरी चालेल."

मला काहीतरी बोलायचं होतं. जमलं नाही. एका दिवसात मला एवढंच जमतं. मी नुसता तिची खुर्ची सावलीत सरकवली.

गाडीत दोन म्हातारे एका बाकावर बसले, बंदुका उभ्या करून, खिडकी निंगाप्पाला. ठाण्यापर्यंत एक शब्द नाही. साडेतीनला दोन्ही जमा झाल्या. पावत्या माझ्याकडं दिल्या. दोघांच्याही.

त्याच वर्षी दसऱ्याला बंदुका परत म्हसोबापुढं आल्या. घोंगडं अंथरलं. आज्जा निंगाप्पाला म्हणाला, "तुझी आदी ठेव."

"न्हाई, तुझी."

"तुझी ठेव म्हणतोय न्हवं?"

"मी म्हणतोय तुझी, तर तुला काय ऐकू येत न्हाई काय?"

"ह्या मान्साला कदी चांगलं सांगून कळलंय?"

आवाज चढला. बायका नारळ घेऊन मागं सरकल्या. मी पुढं झालो आणि दोघांच्या हातातल्या बंदुका घेतल्या. सगळी वाडी माझ्याकडं बघायला लागली, मी आता कुठली घेऊन पळतो म्हणून. मी नंबर मोठ्यानं वाचले. "सहा आदी येतं. ह्या वर्षी सहा. पुढच्या वर्षी सात."

"तुझा नातू, त्यो तुझंच म्हणणार," निंगाप्पा म्हणाला. पण बसला.

मी धुनीतला कोळसा घेतला आणि देवळाच्या चुन्याच्या भिंतीवर वर्ष लिहिलं, पुढं सहा. आता तिथं तीन ओळी आहेत: सहा, सात, सहा. प्रत्येक ओळीच्या शेवटी माझी सही आहे, आणि सहीच्या आधी, मोठ्या सरळ अक्षरात, 'स्वतः तपासले'.